पर्यायी उमेदवार

माघारीच्या दिवशी सकाळी सव्वानऊला, अनिशच्या ताटात तिसरं घावन वाढताना हेमाकाकू म्हणाल्या, "मी काही अर्ज मागे घेत नाही हो."

अनिश मोबाइलवर दिवसाचं वेळापत्रक बघत होता. साडेअकराला निघणं, एकच्या आत रत्नागिरी, तीनच्या आत काकूंची माघार, साडेतीनला चिन्हवाटप, सहाला घरी. त्यानं वर न बघता विचारलं, "कुठला अर्ज?"

"आयुष्यात एकच भरलाय. तोच."

आप्पांनी, म्हणजे काकूंचे यजमान गोपाळकृष्ण मुळ्ये यांनी, चहाचा कप उचलून तोंडाला लावला. कप दहा मिनिटांपूर्वीच संपला होता. अनिशची बायको वैदेही खोबऱ्याच्या चटणीकडे बघत राहिली.

"काकू, तो डमी अर्ज होता."

"असेल. मी डमी नाही."

अनिशनं मोबाइल उपडा ठेवला. वीस वर्षं तो मुंबईत एका मोठ्या गुंतवणूक कंपनीत जोखीम विभाग सांभाळत होता. लोकांच्या पैशाला काय काय होऊ शकतं याची यादी करायची आणि प्रत्येक गोष्टीपुढे शक्यता आणि उपाय लिहायचा, हे त्याचं काम. जिल्हा परिषदेला अपक्ष उभं राहायचं ठरल्यावर त्यानं तेच केलं. सतरा धोके निघाले. पाचवा धोका: छाननीत अर्ज बाद होणे. शक्यता चार टक्के. उपाय: घरातल्याच कुणाचा तरी पर्यायी अर्ज भरायचा आणि आपला मंजूर झाला की तो काढून घ्यायचा. सगळेच उमेदवार हे करतात, त्यात नवीन काही नव्हतं. वैदेहीचं नाव अजून मुलुंडच्या मतदारयादीत होतं. आप्पांनी फवारणी सोडून कुठं यायला नकार दिला. उरल्या काकू. वय अडुसष्ट, निवृत्त शिक्षिका, राजकारणात रस शून्य. सहावा धोका, 'पर्यायी उमेदवाराने माघार न घेणे', त्यापुढे अनिशनं 'नगण्य' असं लिहून ठेवलं होतं.

"काकू, कुणी काही बोललं का तुम्हाला? शिवा तोडणकरची माणसं आली होती का?"

"शिवाची आई आली होती. पायाला तेल विचारायला. ती काही राजकारण बोलली नाही." काकूंनी तवा खाली उतरवला. "तू मला ते संकल्पपत्र वाचायला दिलं होतंस ना? काकू, जरा नजर टाका, म्हणून?"

"हो. तुम्ही छान आहे म्हणालात."

"तेव्हा मी तिसाव्या पानापर्यंत आले होते."

संकल्पपत्र बेचाळीस पानांचं होतं. एकतिसाव्या पानावर काय होतं ते अनिशला क्षणभर आठवेना. काकूंना पाठ होतं.

"कमी वापरातील शासकीय इमारतींचे उत्पन्नक्षम रूपांतर. खाली कोंडावरच्या वस्तीतल्या शाळेचा फोटो. पट अकरा. प्रस्तावित पर्यटक निवास, सहा खोल्या. चौतीस वर्षं त्या शाळेत काढली मी, अनिश. तिथे तीन खोल्या आहेत."

"पार्टिशन घालून सहा होतात."

हे बोलायला नको होतं हे त्याला वैदेहीच्या चेहऱ्यावरून कळलं.

"आणि ती अकरा पोरं?" काकूंनी विचारलं.

"खालच्या शाळेत. साडेतीन किलोमीटर आहे फक्त. नकाशावर बघितलंय मी."

"नकाशावर सडा सपाट दिसत असेल. उन्हात कातळावरून चाललायस कधी? मे महिन्यात आंबे खायला यायचास तेव्हा आप्पा तुला जीपनं न्यायचे."

"ते नुसतं उदाहरण होतं, काकू. आत्ता काढतो ते पान."

"पान काढशील रे. ते तिथं लिहिणारा तूच ना?" काकूंनी चौथं घावन त्याच्या ताटात टाकलं. "खा. रागावले म्हणून उपाशी नाही ठेवायची तुला."

*

आप्पांना या घरात दोन गोष्टी सांभाळायच्या होत्या. एक, आंब्याचा मोहोर; यंदा थंडी बरी पडली होती, पण तुडतुडे होते. दुसरी, धाकट्या भावाच्या मुलाला दिलेला शब्द. भाऊ नोकरीसाठी मुंबईला गेला तो परत आलाच नाही, आणि आता त्याचा मुलगा गावात येऊन निवडणूक लढवतो म्हणाला तेव्हा आप्पांनी सगळ्या वाडीसमोर सांगितलं होतं, मुळ्यांचं घर तुझ्या मागे आहे. तेव्हा घर म्हणजे नेमकं कोण, हा प्रश्न कुणी काढला नव्हता.

"आप्पा, तुम्ही सांगा काकूंना," अनिश म्हणाला. दोघं पडवीत आले होते.

"मी?"

"तुमचं ऐकतील."

"सेहेचाळीस वर्षं झाली लग्नाला. हे तुला कुणी सांगितलं?"

तरी ते आत गेले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहून त्यांनी घसा साफ केला. "अगो, ऐकलंस का? घरातले दोन उमेदवार बरे दिसत नाहीत."

"मग एकानं काढावा अर्ज," काकू आतून म्हणाल्या.

आप्पा परत पडवीत आले. "तिचं म्हणणं एकानं काढावा."

"तेच तर मी म्हणतोय!"

"मग एकमत आहे तुमचं," आप्पा म्हणाले आणि झोपाळ्यावर बसले.

गडबड छाननीनंतर सुरू झाली होती. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मंजूर अर्जांची यादी लागली. पहिली दोन नावं शिवा तोडणकरचं आणि त्याच्या डमीचं, अनिशचं तिसरं, काकूंचं चौथं. तिसऱ्या नावाबद्दल कुणी काही बोललं नाही. चौथं वाचून दुसऱ्या दिवशी सकाळी सात बायका आल्या. मग कोंडावरचे कुणबी आले, मग पूर्णगडचे दोन खलाशी, मग पतपेढीचा शिपाई. सगळ्यांचं एकच: बाई उभ्या राहिल्यात म्हणे? काकू प्रत्येकाला सांगत, अरे नाही रे, तो नुसता कागद आहे. लोक मान हलवत आणि चहा पिऊन जात. चार दिवसांत छप्पन्न माणसं येऊन गेली. कप विसळायचं काम आप्पांकडे होतं, त्यामुळे आकडा पक्का होता.

"तुम्ही देवळात कौल लावला होतात ना?" वैदेहीनं दारातून विचारलं. "अनिशनं अर्ज भरायच्या आधी?"

"लावला होता," आप्पा म्हणाले. "उजवी पाकळी पडली, म्हणजे देवाचा होकार. स्वच्छ."

"गुरवानं देवाला काय विचारलं?"

आप्पांनी झोपाळा थांबवला. "मुळ्यांच्या घरातला माणूस निवडून येईल का, असं."

"नाव नाही सांगितलंत?"

"तेव्हा माणूस एकच होता," आप्पा म्हणाले. झोपाळ्याला पुन्हा पायानं झोका देत त्यांनी पुस्ती जोडली, "देवाला काय ठाऊक असेल नि काय नाही, ते आपण काय सांगणार?"

अनिश उठून आत गेला. त्याला काकूंच्या बाजूनं बोलणारा आणखी एक मतदार नको होता, मग तो देव का असेना.

*

वैदेही फिजिओथेरपिस्ट होती आणि दोन महिने काकूंबरोबर घरोघर जात होती. माणूस खुर्चीतून कसा उठतो त्यावरून त्याचं काय दुखतंय हे तिला कळत असे. अनिश घरात शिरला की लोक एका प्रकारे उठत, काकू शिरल्या की दुसऱ्या.

अनिश टॅबवर आलेख दाखवी. लोक आदरानं बघत. मग यजमान विचारी, "किती दिवस आहात?" प्रत्येक घरात हाच पहिला प्रश्न. अनिश उत्तर देई, "आता इथेच." लोक म्हणत, "हो का? वा." आणि जाताना पिशवीत कोकमं भरून देत, पाहुण्यांना देतात तशी. काकू मागे ओट्यावर बसून सुनेला विचारत असत, धाकट्याचं बोलणं सुटलं का गो, आणि घरातली सगळी माणसं हळूहळू त्या बाजूला सरकत.

वैदेहीनं हे त्याला सांगितलं नव्हतं. सांगावं असं रोज वाटत होतं.

सव्वाअकराला तो खोलीत कपाट उघडून एक निळा फोल्डर शोधत होता.

"हे काय?"

"काकूंची माघार," अनिश म्हणाला. "सूचना भरून, सही करून. अर्ज भरला त्याच दिवशी घेऊन ठेवली होती. आणि त्यांच्या सूचकाला अधिकारपत्र. विठूला. तो नेऊन देऊ शकतो, काकूंनी यायची गरज नाही."

विठू काकूंचा सूचक होता. बागेचं सगळं तोच बघायचा. पंचावन्न हापूस आणि आप्पा अशी त्याच्याकडे जबाबदारी होती.

"काकूंना आठवतंय हे?"

"त्या दिवशी अकरा सह्या केल्या त्यांनी. कुठलीच वाचली नाही. माझ्यावर विश्वास ठेवून." आपण काय बोललो ते त्याला शेवटच्या शब्दाला कळलं.

वैदेही कॉटवर बसली. "अनिश, एक विचारते. हे तुझं नसतं, दुसऱ्या कुणाचं असतं. माणूस तुझ्या ऑफिसात येऊन म्हणाला असता, माझ्याकडे दोन गोष्टी आहेत, यांतली एक ठेवायची आहे. तर तू काय बघून सांगितलं असतंस?"

"हे तसं नाही."

"का नाही?"

"कारण मी..." त्यानं फोल्डर काखेत मारला. "तुला माहीत आहे का नाही ते."

तिला माहीत होतं. या घरात ते एवढ्या दोघांनाच माहीत होतं.

गाडी पाणंदीतून बाहेर पडल्याचा आवाज आला तसं वैदेही स्वयंपाकघरात गेली. काकू फणसाच्या आठळ्या सोलत होत्या. त्यांनी विचारलं, "गेला का रागावून?"

"रत्नागिरीला गेला. विठूला घेऊन."

"जाऊ दे. येईल संध्याकाळी. आणि हे बघ, हरला-बिरला तरी त्याचं काही अडत नाही. वर्षाची रजाच आहे ना? नोकरी आहे त्याची."

वैदेहीनं एक आठळी उचलली. सोलली. खाली ठेवली.

"रजा नाहीये काकू. राजीनामा दिलाय त्यानं. सप्टेंबरमध्ये. त्याला वाटलं, रजा म्हटलं की तुम्ही दोघं काळजी करणार नाही."

काकूंनी हात पदराला पुसले. बराच वेळ पुसले.

"मुलुंडची जागा?"

"भाड्यानं दिली. तीन वर्षांसाठी."

"मेला," काकू म्हणाल्या. "शाळेतही असंच करायचा म्हणे याचा बाप. नापास झाला की सांगायचा, निकालच लागला नाही." त्या उठल्या. "किती वाजले?"

"बारा."

"आप्पा! अहो, जीप काढा!"

"जीपला बॅटरी नाही," पडवीतून आवाज आला. "दिवाळीपासून."

"मग एसटी?"

"साडेबाराची राजापूरहून येते. आली तर."

ती आली नाही. एक वाजून पाच मिनिटांनी नाक्यावर एक मासळीचा टेम्पो थांबला. पूर्णगडचा गुरुप्रसाद चालवत होता. त्यानं काच खाली केली, बाईंना बघितलं आणि हातातली विडी खिडकीबाहेर टाकली. वय त्याचं एकेचाळीस होतं.

*

रत्नागिरीत तहसील कार्यालयाच्या आवारात अनिश आणि विठू एक वाजून वीस मिनिटांनी पोचले. फाटकापाशी विठू थांबला.

"कागद देतो मी," तो म्हणाला. "पन बाईंना फोन करून इचारतो आधी."

"विठू, सही त्यांचीच आहे. बघ."

"सही हाय. पन तवा बाई डमी हुत्या. आता त्या उभ्या हायत."

"कायद्यानं त्यात काही फरक नाही."

"नसंल. मी बाईंच्या वर्गात चार वर्सं हुतो. दोन वर्सं एकाच वर्गात." त्यानं मोबाइल काढला. "रेंज नाय. वर जाऊन बगतो."

तो आवाराच्या चढावर गेला. अनिश वडाखाली उभा राहिला. त्याच्याकडे दीड तास होता, एक फोल्डर होता, आणि विठूशिवाय फोल्डरचा उपयोग नव्हता.

"मुळ्येसाहेब!"

शिवा तोडणकर दोन्ही हात पुढे करून आला. गेली दोन टर्म जिल्हा परिषदेचा हा गट त्याच्याकडे होता. सड्यावर त्याच्या चिऱ्याच्या खाणी होत्या. तो अनिशला आजवर तीनदा भेटला होता आणि तिन्ही वेळा त्यानं अनिशचा हात हातातच ठेवून घेतला होता.

"चहा घ्या. ए, दोन कटिंग! काय म्हणताय? घामानं भिजलात. गावचं ऊन मुंबईसारखं नाय."

"बरं आहे."

"एक घरचं सांगू? राग मानू नका." शिवानं आवाज खाली आणला. "बाईंचा अर्ज काढून घ्या. वयस्कर माणूस. कशाला या वयात दगदग? मलाही पहिली-दुसरीला त्यांनीच शिकवलं. बरं नाय वाटत हो, त्यांच्याविरुद्ध."

"आणि मी?"

"तुम्ही ऱ्हावा की! तुम्ही हवेतच. शिकलेल्या माणसांनी राजकारणात यायलाच पाहिजे, मी कायम बोलतो. तुमचं ते पुस्तक मी बघितलं. बेचाळीस पानं. माझं काय, एक पान, तेपण पाठीमागे जाहिरात." त्यानं चहा पुढे केला. "कागद आणलाय ना बाईंचा? का टाइप करून देऊ? माझा पोरगा बसलाय आत."

अनिशनं चहाचा घोट घेतला. चहा फार गोड होता.

वीस वर्षांत तो बाजारात एकच गोष्ट शंभर टक्के खात्रीनं शिकला होता. माणूस बोलतो काय याला महत्त्व नसतं. तो काय उरावं म्हणतो आणि काय जावं म्हणतो, ते बघायचं. समोरच्या माणसाला त्याच्या पोरासह, टाइपरायटरसह, चहासह, एक नाव यादीतून जायला हवं होतं. दुसरं नाव राहिलं तर त्याला आनंद होता.

सहाव्या धोक्यापुढे 'नगण्य' कुणी लिहिलं होतं? आणि एक अठरावा धोका यादीत यायचाच राहिला होता: आपणच पर्यायी असणं.

त्याला सप्टेंबर आठवला. राजीनाम्याचं पत्र, साहेबांचं तोंड, शेवटच्या दिवशीचा केक. एवढं सगळं करून माणूस परत जाणार कुठं? मग त्याला वैदेहीचा प्रश्न आठवला आणि उत्तरही आलं. समोर बसलेल्या कुठल्याही गुंतवणूकदाराला त्यानं ते पाच मिनिटांत सांगितलं असतं, आणि त्याचे पैसे घेतले असते.

"तोडणकर," तो म्हणाला, "माघारीचा कोरा नमुना कुठं मिळतो?"

"खिडकी चार!" शिवा म्हणाला. "शाब्बास. सुटलो बघा सगळे."

*

विठूला चढावरच्या टाकीशेजारी रेंज मिळाली ती दोन पस्तीसला. बाईंचा फोन लागेना. तेवढ्यात वैदेहीचा आला.

"विठूदादा, अनिश कुठाय? फोन उचलत नाही."

"साहेब आत ग्येले. आत मोबाइल घेत नायत."

"ऐका. काकू येतायत. अर्ज काढायला! त्यांना त्याच्या राजीनाम्याचं कळलं. त्याला सांगा, तुझाच राहू दे म्हणाल्यात काकू."

विठू उतार उतरून खिडकीपाशी गेला. जाळीतून त्याला अनिश दिसला. तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलासमोर उभा होता आणि एका कागदावर सही करत होता. निळा फोल्डर त्याच्या हातात नव्हता. तो बाहेर बाकावर होता आणि त्यातला बाईंचा कागद चार तुकडे होऊन त्याच्यावर ठेवलेला होता.

"साहेब! कोनाचा कागद?"

"माझा," अनिश तिथूनच म्हणाला. "झाला. पोच घेऊन येतो."

विठूनं मनात हिशेब मांडला. साहेबांचा गेला. बाई स्वतःचा घालवायला येतायत. दोघंही गेले तर शिवाला निवडणूक लढवायचीसुद्धा गरज नव्हती. तो फाटकाकडे पळाला.

दोन एक्कावन्नला मासळीचा टेम्पो आवारात शिरला. पुढच्या सीटवर गुरुप्रसाद, मध्ये आप्पा, कडेला काकू. काकूंनी नाकाला पदर लावला होता आणि हातात चष्म्याची पेटी घट्ट धरली होती.

"बाई, थांबा! साहेबांनी आपला काडला अर्ज!"

काकूंनी खाली उतरून त्याच्याकडे नीट बघितलं. "विठू, खोटं बोलताना तुझे कान लाल होतात. तिसरीपासून."

"बाई, उनात पळालोय मी!"

"बाजूला हो."

"नाय."

विठू मोहिते काकूंना आयुष्यात 'नाय' असं पहिल्यांदा म्हणाला. दोघंही त्यानं थोडे दचकले. तो तीन पायऱ्या चढून कार्यालयाच्या दारात बसला. पाय पसरून.

"ऊठ."

"तीन वाजंपतूर नाय."

"अहो, सांगा याला!" काकू आप्पांकडे वळल्या.

आप्पा टेम्पोतून मागे सरकत उतरत होते. त्यांना एक पाय सापडत नव्हता. "कुणाला?" ते म्हणाले. "मला वरचं काहीच दिसत नाही."

दारात शिपाई आला. त्यानं बसलेल्या माणसाकडे, मग म्हाताऱ्या बाईंकडे बघितलं आणि त्याचा हात आपोआप टोपीला गेला. "बाई, तुम्ही? मी विनीत. मागच्या बाकावरचा."

"विनीत, मला आत सोड. माघार घ्यायचीय."

"कुणाची?" विनीत म्हणाला. "मुळ्यांची एकच माघार झालीय आज. अनिश श्रीधर. सही-शिक्का होऊन. आता ती परत नाही घेता येत."

काकू पायरीवर विठूच्या शेजारी बसल्या.

तीन वाजले. आत कुणीतरी टेबलावर शिक्का आपटला आणि दार लावून घेतलं. अनिश पोच घेऊन बाहेर आला. वडाखाली शिवा तोडणकर पेढ्यांचा पुडा उघडत होता. मुलानं येऊन त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि त्यानं तो पुडा बंद केला.

"अनिश," काकू म्हणाल्या. "नोकरी सोडलीस आणि हे काय केलंस रे?"

"चुकीच्या माणसाला पर्यायी धरलं होतं, काकू. दुरुस्त केलं."

"मला सांगायचं तरी. मी येतच होते ना काढायला."

"म्हणूनच नाही सांगितलं," अनिश म्हणाला. ते खरं नव्हतं. त्याला काकू येतायत हे माहीत नव्हतं. पण ते बरं वाटलं आणि त्यानं तसंच राहू दिलं. कान लाल झाले असतील तर उन्हामुळे असतील.

साडेतीनला चिन्हं वाटली. अपक्षांसाठी उरलेल्यांत फुगा, कंगवा, कपाट आणि शिट्टी होती. काकूंनी शिट्टी घेतली. वर्गातली पितळी शिट्टी अजून त्यांच्या देवघरात होती. अधिकाऱ्यानं विचारलं, "निवडणूक प्रतिनिधी कोण?" काकूंनी चष्मा लावला, अनिशचं नाव लिहिलं, आणि या वेळी कागद पूर्ण वाचून मग सही केली.

परतताना गाडीत काकू पुढे बसल्या. पावस मागे पडलं तेव्हा त्या अनिशकडे वळल्या.

"ते एकतिसावं पान," काकू म्हणाल्या.

"काढतो."

"आणि बाकीची एक्केचाळीस?"

अनिशनं आरशातून मागे आप्पांकडे बघितलं. आप्पा बाहेरचा मोहोर बघत होते.

"एक पान ठेवू," काकू म्हणाल्या. "शाळा, पाणी, पायऱ्यांच्या पाखाडीचा रस्ता. पाठीमागे जाहिरात नको."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काकू तयार झाल्या. अनिश टॅब घेऊन बाहेर आला, त्यांच्याकडे बघितलं, आत जाऊन टॅब ठेवून आला. वैदेही चपला घालत होती. विठूच्या गळ्यात शिट्टी होती; ती वाजवायची नाही असं त्याला बजावलं होतं.

ते खालच्या शाळेपासून सड्यावरून चालत कोंडावर गेले. जीपला बॅटरी नव्हती आणि काकूंनी ती आणूही दिली नव्हती. साडेतीन किलोमीटरला सत्तावन्न मिनिटं लागली. अनिश दोनदा बसला. शाळेच्या दारात अकरापैकी नऊ पोरं उभी होती. त्यांनी त्याच्या घामानं भिजलेल्या शर्टाकडे कुतूहलानं बघितलं.

पहिलं घर हौसाचं. म्हातारी ओट्यावर तांदूळ पाखडत होती. काकूंना बघून तिनं सूप बाजूला सारलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. मग तिची नजर अनिशवर गेली. त्याला ती दोन महिन्यांत तिसऱ्यांदा बघत होती.

"बाई, ह्ये कोन? मागं ते यंत्र घेऊन आलेले, तेच नव्हं? किती दिस हायत?"

अनिशनं तोंड उघडलं. काकूंनी हातानं त्याला थांबवलं आणि तांब्यातलं पाणी आधी त्याला दिलं.

"माझा पुतण्या," त्या म्हणाल्या. "इथलाच आहे."

हौसानं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सूप त्याच्याकडे सरकवलं.

"मग बस की," ती म्हणाली. "तवर ह्यातलं खडं काड."